सबटायटल-डबिंगच्या कंपनीत नोकरी: आपापले अनुभव लिहा

निळीशाई
हा धागा काढायचं कधीपासून मनात होतं. ओटीटीवर आपण कोरियन, स्पॅनिश, तेलुगू काहीही बघतो तेव्हा खाली ज्या दोन ओळी येतात किंवा जो हिंदी-मराठी आवाज ऐकू येतो, ते सगळं करणाऱ्या कंपन्या मुंबई, चेन्नई, बंगळुरूत आहेत आणि त्यात मराठी मुलंमुली भरपूर आहेत. पण या नोकरीबद्दल मराठीत धड कुठे काही लिहिलेलं सापडत नाही, त्यामुळे इंटरव्ह्यूला जाताना काय विचारायचं तेच कुणाला कळत नाही.

मी मरोळच्या एका कंपनीत सबटायटलर म्हणून लागले, मग क्यूसी (दुसऱ्यांच्या फाइली तपासण्याचं काम), मग टीम लीड, आता घरून फ्रीलान्स करते. कंपन्यांची नावं मी लिहिणार नाही, तुम्हीही लिहू नका प्लीज, धागा उडायला नको.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. स्पॉटिंग, म्हणजे कुठली ओळ कधी उघडायची नि कधी मिटायची ते ठरवणं, मला तिथल्या सीनियरने शेजारी खुर्ची टाकून शिकवलं. आवाजाची वेव्हफॉर्म (स्क्रीनवर दिसणारा आलेख) बघायची, माणूस पहिला शब्द उच्चारतो त्या फ्रेमवर ओळ उघडायची, शॉट बदलतो तिथे ओळ लोंबकळत ठेवायची नाही. ओळीत ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, कमीत कमी ५/६ सेकंद, जास्तीत जास्त ७ सेकंद, आणि दोन सबटायटल्समध्ये निदान २ फ्रेमचं अंतर. हे आकडे नेटफ्लिक्सच्या गाईडमध्ये आहेत आणि ती गाईड कुणालाही वाचायला खुली आहे, नवीन मुलांनी आधी ती वाचावी. एवढ्या चौकटीत माणसाचं बोलणं बसवायचं म्हणजे काय ठेवायचं नि काय सोडायचं याचा निर्णय दर तीन सेकंदांनी घ्यावा लागतो. तो निर्णय नीट घेता यायला लागतो ना, तेव्हा जो आनंद होतो तो मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळालेला नाही.

आता वाईट. एक म्हणजे रीकट. एपिसोड पूर्ण करून पाठवला की रात्री मेल, "नवीन व्हर्जन आलंय". कुठेतरी अकरा फ्रेम कापलेल्या, कुठे एक शॉट वाढवलेला, म्हणजे तिथून पुढचा सगळा टाइमकोड (ओळींच्या वेळा) सरकला. सॉफ्टवेअर ढोबळमानाने सरकवतं, पण शॉटच्या कडा परत हातानेच बघाव्या लागतात. डिलिव्हरीची तारीख मात्र तीच. आणि त्या रात्रीचं वेगळं काही मिळत नाही, कारण काम तर "तेच" आहे ना.

दुसरं नावाचं. नेटफ्लिक्सच्या नियमात भाषांतरकाराचं नाव शेवटच्या सबटायटलला द्यायचं असतं, हे चांगलंच आहे. पण प्रेक्षकाला तिथपर्यंत जाऊ कोण देतो? पुढचा एपिसोड आपोआप सुरू होतो. आणि बाकी कित्येक ठिकाणी नावच नाही. मी केलेल्या एका मालिकेचं आमच्या सोसायटीत सगळे कौतुक करत होते, आणि ते काम मी केलंय हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

लिहा सगळ्यांनी.

टाइमकोड
फार गरजेचा धागा. मी क्यूसीमध्ये आहे, अजून नोकरीतच, म्हणून जपून लिहितो.

आमच्याकडची मोठी डोकेदुखी म्हणजे टूल्स आपल्या लिपीचा विचार करून बनवलेली नाहीत. बरीचशी टूल्स काना-मात्रा, हलन्त सगळं वेगळं अक्षर म्हणून मोजतात. "क्षत्रिय" लिहिलंत तर डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, मशीन आठ मोजतं. म्हणजे ओळ वाचायला सोपी, लहानशी, आणि टूल लाल रंगात ओरडतंय की वाचण्याचा वेग जास्त आहे. मग नवीन मूल घाबरून चांगलं वाक्य कापतं. दर बॅचला मी सांगतो की लाल दिसलं म्हणजे चुकलंच असं नाही, कारण लिहून वेव्हर (नियमातून सूट) मागा. काही क्लायंट देतात, काही नाही.

दुसरं ते "दुसऱ्या", "बिचाऱ्या" मधलं ऱ्य. ते टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, एकीत मध्ये न दिसणारं एक जोडचिन्ह येतं. काही ऑटोमॅटिक तपासण्या त्यालाच परकं चिन्ह समजून फाइल परत पाठवतात. एकदा शुक्रवारी संध्याकाळी अख्ख्या सीझनच्या फाइली परत आल्या. भाषांतरात चूक शून्य. परदेशातल्या टेक टीमला मी स्क्रीनशॉट लावून दीड पानी मेल लिहिला, त्यांनी ते पटवून घेतलं आणि तपासणीचा नियम बदलला. आपण नीट मांडलं तर ऐकणारी माणसं तिथे असतात, हेही नमूद करावंसं वाटतं.

खारफुटी
वाचतेय, छान चाललाय धागा. मी रत्नागिरीत असते, दोन कंपन्यांची टेस्ट पास होऊन पॅनेलवर (त्यांच्या फ्रीलान्सरांच्या यादीत) आहे पण काम फार तुरळक येतं. मला रेटबद्दल विचारायचं होतं. सगळीकडे "प्रोग्रॅम मिनिट" वर पैसे देतात, ते चांगलं की वाईट हे कसं ठरवायचं? कोणी सांगेल का

निळीशाई
@खारफुटी, प्रोग्रॅम मिनिट म्हणजे चित्राचं मिनिट, तुमच्या कामाचं नाही. म्हणून ४५ मिनिटांच्या मारामारीच्या एपिसोडला आणि ४५ मिनिटांच्या कोर्टातल्या एपिसोडला पैसे सारखेच, पण पहिल्यात ओळी निम्म्याही नसतात. स्टँडअप कॉमेडी तर विचारूच नका, माणूस श्वास घेत नाही. काम घेण्याआधी ओळींची संख्या विचारा, टेम्प्लेट (वेळा आधीच लावलेली फाइल) तयार असेल तर त्यांना ती एका क्लिकमध्ये दिसते.

हिशेब नेहमी तासावर आणून बघायचा. समजा मिनिटाला १०० रुपये आहेत, ४५ मिनिटांचे ४५०० झाले. स्पॉटिंग, भाषांतर, परत एकदा सुरुवातीपासून बघणं आणि क्यूसीच्या शेऱ्यांना उत्तरं, सगळं मिळून १२ तास गेले तर ताशी ३७५. आता तेच काम "मशीनने केलंय, तुम्ही फक्त तपासा" म्हणून ४० रुपयांनी देतात. १८०० रुपये. पण मशीनला कोण कुणाला अहो म्हणतं, कोण अगं म्हणतं ते कळत नाही, दोन माणसं एकदम बोलली की ते तिसरंच ऐकतं, मग ९ तास जातातच. ताशी २००. म्हणजे वेळ पाव वाचला आणि पैसे निम्म्याहून खाली आले. हे गणित मांडून मी दोनदा रेट वाढवून घेतलाय, भांडण न करता, नुसतं एक्सेल पाठवून. तुम्हीही प्रत्येक कामाचे तास लिहून ठेवत जा.

आवाजवाला
डबिंगच्या बाजूने मी लिहितो. अंधेरीत साउंड इंजिनियर आहे, ओशिवरा ते साकीनाका बहुतेक स्टुडिओ फिरून झालेत.

लोकांना वाटतं कलाकार एकत्र उभे राहून बोलतात. तसं पूर्वी होतं. आता प्रत्येक जण एकटा येतो, माइकसमोर उभा राहतो, आपल्या पात्राचे लूप (संवादाचे छोटे तुकडे) संपवतो आणि जातो. नवरा सोमवारी बोलतो, बायको गुरुवारी, आणि भांडण मी शनिवारी जुळवतो. संगीत नि इफेक्ट्सचा ट्रॅक वेगळा येतो, त्यात धाप, हुंदके, हसणं नसलं तर तेही सगळं परत करावं लागतं. दिवसभर किंचाळून संध्याकाळी घसा बसलेल्या पोरी मी बघितल्यात. चांगला डबिंग डायरेक्टर किंचाळ्या शिफ्टच्या शेवटी ठेवतो, हे साधं आहे पण सगळे करत नाहीत.

मोठ्या हॉलिवूड सिनेमाला तर चित्रच दिसत नाही. काळा पडदा, मध्ये एक गोल, त्यात फक्त चेहरा. मागे आग लागलीय की पाऊस पडतोय कलाकाराला माहीत नसतं, डायरेक्टर तोंडी सांगतो त्यावर बोलायचं. आणि तरी ते ओठांना चिकटून बसतं. प, ब, म आला की ओठ मिटलेले हवेत, त्यासाठी संवाद लिहिणाऱ्याने आधीच तसा शब्द शोधलेला असतो. या माणसांचं कौशल्य बघून मी अजूनही थक्क होतो.

एवढी लपवाछपवी का, तर लीक. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गेम ऑफ थ्रोन्सच्या सातव्या सीझनचा चौथा एपिसोड भारतातूनच फुटला होता आणि महाराष्ट्र पोलिसांनी चौघांना अटक केली होती. तेव्हापासून फोन बाहेर लॉकरमध्ये, खिशात पेनड्राइव्ह दिसला तर विषय संपला, स्क्रीनवर प्रत्येकाच्या नावाचा वॉटरमार्क. ते पटतं मला. फक्त एक, घरी आई आजारी असेल तर निरोप पोचायला एखादा लँडलाइन तरी फ्लोअरवर ठेवा. आमच्याकडे मागून मागून शेवटी ठेवला.

चेन्नईत_एकटी
मी प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे, म्हणजे तुम्हाला रात्री मेल करणारी तीच :)

आमची बाजू पण सांगते. एका शोच्या समजा बारा भाषा असतात, प्रत्येक भाषेला सबटायटल, डबिंग, बहिऱ्यांसाठीचं कॅप्शन, सगळ्यांच्या वेगळ्या तारखा. रीकट आला की मला बारा टीम्सना एकाच वेळी सांगायचं असतं आणि क्लायंट कॅलिफोर्नियात आहे, त्यांची सकाळ ती आमची रात्र. मी मुद्दाम छळत नाही हो कुणाला. मराठी टीमला रविवारी फोन करताना खरंच वाईट वाटतं, कारण मला माहितीय की उत्तर "हो करते" असंच येणार आहे आणि तेच मला टोचतं.

कंपनीने ठरवलं तर हे सुधारता येतं. आमच्याकडे मागच्या मॅनेजरने नियम केला की रीकटमध्ये दहा टक्क्यांहून जास्त ओळी हलल्या तर क्लायंटला वेगळं बिल लावायचं आणि त्यातला वाटा भाषांतरकाराला. क्लायंटने कुरकुर केली पण दिलं. आणि गंमत नाही, खरंच, त्यानंतर रीकट कमी यायला लागले.

रात्रपाळी
ताई तुमचं पटलं पण रात्रीचा विषय एवढ्यावर सोडू नका. मी मालाडला होते. महिनोन्महिने रात्री अकरा-साडेअकराला सुटायचे आणि घरी जायला स्वतःच्या पैशाने रिक्षा, नंतर लोकलचा लेडीज डबा, त्यात पोलीस असला तर असला. मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं की महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला काम द्यायचं तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची नि घरी पोचवायची सोय मालकाने करायची असते. ओव्हरटाइमला दुप्पट दर हेही त्याच कायद्यात आहे. आम्ही सहाजणींनी मिळून एचआरला त्या कायद्याचा उल्लेख करून साधा, सभ्य मेल लिहिला. पंधरवड्यात गाडी सुरू झाली. एकटीने लिहिला असता तर झाली असती का, मला शंका आहे. म्हणून एकत्र लिहा.

खारफुटी
@रात्रपाळी फार महत्त्वाचं लिहिलंत, धन्यवाद. सेव्ह करून ठेवलं.

बर्बँककर
मूळचा नाशिकचा, आता लॉस एंजलिसजवळ बर्बँकला. इथे या धंद्याच्या बऱ्याच कंपन्यांची ऑफिसं आहेत.

२०२३ ने सगळं हलवलं. मे महिन्यात लेखक संपावर गेले ते सप्टेंबर अखेरपर्यंत, जुलैमध्ये नट गेले ते नोव्हेंबरपर्यंत. तोवर आम्ही जुन्या साठ्यावर काम करत होतो, पण नवीन काही शूटच होत नसल्यामुळे पुढच्या वर्षी पाइपलाइन कोरडी पडली. आमच्या मजल्यावरची निम्मी डेस्कं रिकामी झाली. कित्येक वर्षं काम केलेल्या, चार भाषा येणाऱ्या माणसांना पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर सांगितलं की आजपासून अॅक्सेस बंद. संप योग्यच होता असं माझं मत आहे, लेखकांनी एआयबद्दल अटी लिहून घेतल्या हे चांगलंच केलं. पण त्या करारात आमच्यासारखे भाषांतरकार कुठेच नव्हते. आम्हाला संघटना नाही, टेबलावर खुर्ची नाही.

आता बोलणं लिहून काढणं आणि टाइमकोड लावणं बऱ्याच ठिकाणी मशीन करतं आणि ते बऱ्यापैकी जमतं त्याला, नाकारण्यात अर्थ नाही. जे नुसतं तेवढंच करत होते त्यांची कामं गेली. राहिले ते भाषेवर पक्की पकड असलेले आणि पूर्ण शोची जबाबदारी घेणारे.

आवाजवाला
एआयवरून सांगतो, व्हॉइस आर्टिस्ट मंडळींनी कान देऊन ऐका. गेल्या काही काळात करारात एक ओळ येतेय, रेकॉर्डिंग "सध्याच्या आणि भविष्यातल्या कोणत्याही तंत्रज्ञानासाठी" वापरायचा हक्क कंपनीला. शिफ्टच्या आधी घाईघाईत कागद पुढे करतात, बाहेर पुढचा कलाकार थांबलेला असतो, आपण सही करून मोकळे. ती ओळ खोडून घ्या. २०२४ च्या जुलैमध्ये मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंगच्या बाजूने अंतरिम आदेश दिला की परवानगीशिवाय एआयने त्याचा आवाज तयार करून वापरायचा नाही. पण मुद्दा "परवानगीशिवाय" हाच आहे, आपण सही करून परवानगी देऊन टाकली तर मग कोर्टात जाऊन सांगणार काय? मी तीन-चार जणांना ती ओळ खोडताना बघितलंय, कुणाचंही काम गेलं नाही. नवीन पोरांना हे सांगणारं कोणी नसतं म्हणून इथे लिहितोय.

हिशेबी
पेमेंटवर अजून कोणी आलं नाही म्हणून मी येतो. बायको सबटायटल करते, कागदपत्रं मी बघतो.

इथली कंपनी फ्रीलान्सरचा टीडीएस बहुतेक १० टक्के कापते, तो २६एएसमध्ये (आपल्या नावावर जमा झालेल्या कराच्या सरकारी पत्रकात) दिसतोय का ते दर तिमाहीला बघा. एका कंपनीने आमचा कापला पण भरलाच नव्हता, तीन मेल गेल्यावर भरला.

उशिरा पैसे येण्यावर खरा उपाय म्हणजे उद्यम नोंदणी, लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी. ऑनलाइन आहे, फुकट आहे, सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही करता येते. ती असली की २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावेच लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. शिवाय २०२४ पासून प्राप्तिकराचा नियम असा आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे या मुदतीत दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च वजा दाखवता येत नाही. त्यामुळे मार्चच्या आधी अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करायला लागलेत, अनुभव आहे. इन्व्हॉइसवर उद्यम नंबर मोठ्या अक्षरात टाका. मात्र नोंदणी काम देण्याच्या आधीची हवी, नंतर केलेली मागच्या बिलांना चालत नाही. आणि परदेशी कंपनीला हे लागू नाही, तिथे कराराची मुदत नि आपलं नशीब.

टाइमकोड
@हिशेबी सर दंडवत. हे प्रिंट काढून आमच्या पँट्रीत लावलं पाहिजे.

एमए_मराठी
नमस्कार, मी कोल्हापूरला एमए मराठी करून आता घरी आहे. अंधेरीतल्या एका कंपनीने ज्युनिअर लँग्वेज एक्झिक्युटिव्ह म्हणून ऑफर दिलीय. पगार फार नाही, मुंबईत पीजीचे पैसे गेले की हातात थोडेच उरतील. बाबा म्हणतात बीएड कर नि शाळेत लाग. वरचं सगळं वाचून भीती पण वाटली नि इच्छा पण वाढली. ऑफर लेटरमध्ये दोन वर्षांचा बाँड आहे, सोडलं तर "ट्रेनिंग खर्च" परत द्यायचा, आकडा लिहिलेला नाही. शिवाय नोकरी सोडल्यावर एक वर्ष दुसऱ्या अशाच कंपनीत जायचं नाही असंही आहे. काय करू?

हिशेबी
बाळा, आकडा नसलेल्या बाँडवर सही करू नकोस. मेल करून विचार की ट्रेनिंगचा नेमका खर्च किती आणि दर महिन्याला तो कमी होत जाणार का. दुसरी अट, नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करू नको ही, आपल्याकडे करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे साधारणपणे कोर्टात टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र टिकते, ती पाळायची. पीएफ कापणार का ते विचार आणि यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा) नंबर मागून घे.

निळीशाई
@एमए_मराठी, माझं मत विचारशील तर जा. एमए करून आलेली मुलं या कामात फार लवकर पुढे जातात, कारण बोलीभाषा कानावर असते नि प्रमाण भाषा हातात. आमच्या टीममधली सगळ्यात चांगली सबटायटलर गडहिंग्लजची होती, गावाकडच्या आजीचे संवाद तिच्याइतके सहज कुणाला जमायचे नाहीत.

पण जाण्याआधी तीन गोष्टी विचारून घे: पहिले सहा महिने शिकवणारं माणूस कोण, दिवसाला किती मिनिटांचं टार्गेट, आणि नाव कुठे येणार. टार्गेट विचारताना स्पॉटिंगसकट की तयार टेम्प्लेटवर तेही विचार, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिथे सबटायटल, क्यूसी, बहिऱ्यांसाठीचं कॅप्शनिंग, जमलं तर डबिंगचे संवाद, सगळ्याला हात लावून घे. कॅप्शनिंगचं काम पुढे वाढणार आहे, २०२४ च्या मार्चमध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने थिएटरमधल्या सिनेमांसाठी कॅप्शन आणि अंधांसाठी वर्णनाचे नियम काढलेत, आणि मराठीत हे नीट येणारी माणसं अजून मोजकीच आहेत.

चेन्नईत_एकटी
@एमए_मराठी आणि पीजी शोधताना मरोळ-जे.बी. नगर बाजूला बघ, मेट्रो जवळ पडते. स्टेशनजवळच्या पीजीत वेस्टला राहून रोज ईस्टला येण्यात फार दम निघतो.

एमए_मराठी
सगळ्यांचे खूप आभार. आत्ताच एचआरला मेल टाकला, बाँडचा आकडा, टार्गेट स्पॉटिंगसकट का, पीएफ, रात्री उशीर झाल्यास गाडी, आणि शिकवणार कोण. उत्तर आलं की इथेच लिहीन. बाबांना पण हा धागा वाचायला दिलाय, ते आत्ता @रात्रपाळी यांच्या प्रतिसादापर्यंत पोचलेत आणि विचारतायत की ती गाडी घरापर्यंत सोडते का नाक्यापर्यंत?

रात्रपाळी
आमची घरापर्यंत सोडायची, आणि आत शिरेपर्यंत ड्रायव्हर थांबायचा. तू पण मेलमध्ये "घराच्या दारापर्यंत" असंच लिहून घे.